नाव कुंथलगिरीचे, नियत कोणाची?

भूम तालुक्यातली कुंथलगिरी दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींनी इथल्या टेकडीवर मोक्ष मिळवला अशी श्रद्धा आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला तोही इथेच. त्या दिवसांत देशभरातून जैन समाज या आडगावात लोटला होता. पण आज धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरला ‘कुंथलगिरी’ म्हणून बघा. त्याला टेकडी आठवणार नाही, पेढा आठवेल. सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबते, किलोभर खवा आणि अर्धा किलो पेढा बांधून घेतला जातो आणि डब्यावरच्या त्या पाच अक्षरांकडे कोणी दुसऱ्यांदा बघतही नाही.

ज्याला ती अक्षरे आपल्या एकट्याच्या मालकीची करायची आहेत, तो मात्र बघतो.

आधी खवा. भूम, वाशी, परंडा हा बालाघाटाच्या रांगेतला आणि पायथ्याचा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरीचशी हलकी, त्यामुळे संसाराचा भार म्हशीवर. दूध सकाळचे संध्याकाळपर्यंत टिकवायचे कसे, हा इथला जुना प्रश्न, कारण दूध घेणारे मोठे शहर जवळ नाही आणि रेल्वे भूमला कधी आलीच नाही. उत्तर कढईत सापडले. रुंद तोंडाची लोखंडी कढई, खाली दणदणीत जाळ आणि हातात लांब दांड्याचे उलथणे. दूध उकळू लागले की हात थांबवायचा नाही. कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा मधे ढकलायची आणि तळाला काही लागू द्यायचे नाही. जाळ एक क्षण जास्त झाला तर खवा लालसर होतो, हात ढिला पडला तर करपट वास धरतो. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. आता पुष्कळ भट्ट्यांवर ढवळायला मोटर आली आहे, पण कढई कधी उतरवायची हे अजून माणूसच ठरवतो. चांगला खवा तळहातावर चोळला की तूप सुटते. पीठ घातलेला असेल तर आयोडीनचा थेंब टाकताच निळा पडतो.

भेसळ पकडायला असा एक थेंब पुरतो. नियत पकडायला तसला थेंब अजून निघालेला नाही, आणि ट्रेडमार्कच्या कायद्याचा निम्मा इतिहास या एका अडचणीभोवती फिरलेला आहे.

भूमच्या बाबतीत हा इतिहास सरहद्दीपासून सुरू करावा लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत भूम निजामाच्या राज्यात होते. शेजारची बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे मुंबई इलाख्यातली. मधे करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाची जकात. बार्शीला १८९७ साली लाइट रेल्वे आली आणि या पट्ट्याचा बाहेरचा दरवाजा बार्शीची पेठच झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९४० साली पहिला ट्रेडमार्क कायदा झाला आणि १९४२ पासून नोंदणी सुरू झाली. तो कायदा बार्शीच्या व्यापाऱ्याला लागू होता, भूमच्या माणसाला नव्हता. एकाच आठवडी बाजारात उठणारे-बसणारे दोघे, पण एकाला आपली खूण सरकारदरबारी नोंदवता येत होती आणि दुसऱ्याला त्या वहीत जागा नव्हती. ही कुचंबणा त्या काळी कोणाला जाणवली असण्याचा संभव कमी, कारण माल ओळखीवर जात होता आणि खूण म्हणजे माणसाचे तोंड.

मुंबईत मात्र खुणांवरून डोकी फुटायची वेळ फार आधी आली होती. कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटवायची रंगीत ‘टिकिटे’ म्हणजे त्या काळची जाहिरात. देवदेवता, हत्ती, वाघ, राजे-महाराजे. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नसे, तो चित्र बघून ‘हत्तीछाप’ मागे. म्हणून शेजारच्या गिरणीने हत्तीची सोंड वळवून तसेच टिकिट छापले की धंदा तिच्याकडे वळे. नोंदणीची सोय नव्हती. १८८९ च्या कायद्याने खोटी खूण मारणे गुन्हा ठरवले होते, पण खूण खरी कोणाची हे सांगणारी सरकारी वही नव्हती. व्यापारी मग रजिस्ट्रारपुढे आपल्या खुणेचे प्रतिज्ञापत्र नोंदवून ठेवत आणि वर्तमानपत्रात ‘सावधान’ म्हणून जाहिरात देत. त्या जाहिरातीचा पुढे कोर्टात मोठा उपयोग होई. ती छापून आल्यावर नक्कल करणाऱ्याला ‘मला ठाऊकच नव्हते’ असे म्हणायची सोय राहत नसे.

बदनियतीच्या पुराव्याचे सगळे शास्त्र या जुन्या युक्तीत सामावले आहे. मनात काय होते ते कोणी पाहिलेले नाही. मग काय ठाऊक होते, केव्हापासून होते आणि ठाऊक असून काय केले, एवढेच तपासायचे. बाकीचा अंदाज न्यायाधीश बांधतो.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगारांच्या १९५५ च्या अहवालावरून १९५८ चा कायदा झाला. त्यानंतरचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. भौगोलिक मानांकनाचा कायदाही त्याच तारखेपासून लागू झाला. नव्या ट्रेडमार्क कायद्याचे अकरावे कलम दुसऱ्याच्या आधीच्या खुणेमुळे नोंदणी नाकारण्याबद्दल आहे, नामांकित खुणाही त्यातच येतात. त्याच्या दहाव्या पोटकलमात असे सांगितले आहे की अर्जदाराची असो वा विरोधकाची, बदनियत निबंधकाने विचारात घ्यावी. दोघांचीही, हे विशेष. विरोध करणारा साधू आणि अर्ज करणारा चोर, असे कायद्याने गृहीत धरलेले नाही.

व्यवहारात हे असे चालते. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो. त्या दिवसापासून चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. अर्जदाराने दोन महिन्यांत उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे समजतात. उत्तर आले की दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रे, पावत्या, जाहिराती, छायाचित्रे. बदनियत सिद्ध करायचा भार आरोप करणाऱ्यावर असतो, आणि आरोप चारित्र्यावरचा असल्याने पुरावाही वजनदार लागतो. नुसते ‘त्याने मुद्दाम केले’ लिहून भागत नाही, हे कित्येक विरोधकांना तारखांवर तारखा पडल्यावर कळते.

पुरावा सहसा कशात सापडतो? जुन्या ओळखीत. अर्जदार पूर्वी विरोधकाचा वितरक होता, नोकर होता, भागीदार होता, माल उचलत होता, असे कागदावर आले की अर्धे काम होते. अशा प्रतिनिधीने मालकाच्या परवानगीशिवाय खूण स्वतःच्या नावावर करायचा प्रयत्न केला तर कायद्यात त्यासाठी वेगळे कलमच आहे. डब्यावरची नक्षी, रंग, अगदी छपाईतली चूकसुद्धा तशीच उचललेली असली तर योगायोगाचा बचाव टिकत नाही. आणि २०१७ च्या नियमांपासून, ‘मी अमुक सालापासून वापरतो’ असे म्हणणाऱ्याला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात. इथे गंमत होते. वापराची तारीख मागे नेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही आणि मग दहा वर्षांपूर्वीच्या बिलावर जीएसटीचा क्रमांक छापलेला निघतो! जीएसटी आला जुलै २०१७ मध्ये. असा कागद अर्जदाराने स्वतःच्याच हाताने स्वतःविरुद्ध दिलेला जबाब ठरतो.

भारतात या विषयावरचा सर्वांत बोधप्रद खटला धुण्याच्या यंत्राचा आहे. ‘व्हर्लपूल’ हे नाव अमेरिकन कंपनीने भारतात पन्नासच्या दशकात नोंदवले होते, पण १९७७ मध्ये नूतनीकरण न झाल्याने नोंदणी गेली. १९८६ मध्ये इथल्या एका ट्रस्टने त्याच नावासाठी अर्ज केला. कंपनीने विरोध केला. तिचा माल भारतीय बाजारात नाही, म्हणून १९९२ मध्ये तो फेटाळला गेला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मनाई मिळाली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एन. आर. डोंगरे विरुद्ध व्हर्लपूल म्हणून हा निकाल प्रसिद्ध आहे. न्यायालयाला खटकले ते एवढेच, की जगातले सगळे शब्द मोकळे असताना धुण्याच्या यंत्राला नेमके हेच नाव का सुचले, याचे पटेल असे कारण प्रतिवादीकडे नव्हते. बदनियतीच्या खटल्यांत ‘हेच नाव का?’ हा साधा प्रश्न शंभर पानी युक्तिवादापेक्षा जड जातो.

युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्ये लिंट कंपनीच्या सोनेरी कागदातल्या चॉकलेटी सशावरून हाच प्रश्न तीन बाजूंनी मांडला. दुसरा कोणी तशीच खूण वापरतो हे अर्जदाराला माहीत होते का, त्याला बाजारातून उठवायचा हेतू होता का, आणि दोन्ही खुणांना कायद्याचे किती संरक्षण होते. सगळ्या परिस्थितीचा एकत्र विचार करा, असे सांगून न्यायालयाने चेंडू राष्ट्रीय न्यायालयाकडे टोलवला. भारतीय वकील आजही हा निकाल हौसेने दाखवतात.

मराठवाड्याच्या घरातलाच खटला हवा असेल तर नांदेडचा घ्यावा. करोनाची पहिली टाळेबंदी चालू असताना, २९ एप्रिल २०२० रोजी, नांदेडच्या क्युटिस बायोटेक या कंपनीने ‘कोविशील्ड’ नावासाठी अर्ज केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा त्याच नावाचा अर्ज गेला ३ जूनला. तारखा पाहिल्या तर नांदेड पुढे. पुढे लस आली, नाव घरोघर पोचले आणि नांदेडची कंपनी पुण्याच्या न्यायालयात गेली. ३० जानेवारी २०२१ रोजी तिची मनाईची मागणी नामंजूर झाली आणि २० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने अपीलही फेटाळले. सीरमने मार्च २०२०पासूनच हे नाव घडवून त्या दिशेने पावले टाकल्याचे न्यायालयाला सकृतदर्शनी पटले. लसीकरण ऐन भरात असताना नाव बदलायला लावले तर सरकारी मोहिमेत आणि लोकांत गोंधळ उडेल, हाही विचार झाला. न्यायालयाने नांदेडकरांवर लबाडीचा शिक्का मारला असे म्हणता येणार नाही आणि तशी गरजही पडली नाही. पण ‘आधी अर्ज त्याचे नाव’ हा मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यातला गोड समज त्या निकालाने मोडायला हवा होता. भारतात अर्जाच्या तारखेवर वापराची आणि अवलंबाची तारीख मात करते.

ज्यांचा धंदा गोडाचा आहे त्यांना तिरुनेलवेलीची गोष्ट जास्त जवळची वाटेल. तिथला ‘इरुट्टुकडै’ म्हणजे अंधाऱ्या दुकानातला हलवा. जुने दुकान, मिणमिणता दिवा, संध्याकाळी थोडा वेळ उघडणार आणि माल संपला की फळी लावणार. त्याचे नाव पुढे काहीतरी जोडून दुसऱ्याने लावले आणि नोंदणीही मिळवली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. नोंदणी दोघांकडे असली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ, असे त्याचे सार. दिवा मिणमिणता असला तरी धंद्याच्या नोंदी तशा नसाव्या लागतात, हे त्या दुकानाच्या वारसांना चांगले ठाऊक होते.

उलटी बाजूही बघावी. पुण्यातल्या एका इराणी कुटुंबाचे ‘बर्गर किंग’ उपाहारगृह १९९२पासून चालू होते. अमेरिकन बर्गर किंगने भारतात नाव १९७९ मध्येच नोंदवले होते, पण पहिले दुकान उघडले २०१४ मध्ये. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो फेटाळला, उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अपिलाच्या निकालापर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. १९९२ मध्ये पुण्यात कोणाला त्या नावाची माहिती होती, यावर चहाच्या टपरीवर मिटवता येणार नाही असा वाद आहे. बदनियत काळावर अवलंबून असते, हे या खटल्याइतके दुसरीकडे स्पष्ट दिसत नाही. इंटरनेटच्या काळात ‘ठाऊक नव्हते’ म्हणणे अवघड. १९९२ मध्ये ते शक्य होते, फक्त तेही सिद्ध करावे लागते.

नोंदणी मिळाली म्हणजे गड जिंकला, हा समजही मुंबई उच्च न्यायालयाने ढिला केला आहे. लुपिन विरुद्ध जॉन्सन अँड जॉन्सन या औषधाच्या नावावरच्या वादात पूर्णपीठाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले, की नोंदणी वरकरणीच लबाडीने मिळवलेली असेल, न्यायालयाच्या विवेकबुद्धीला धक्का देणारी असेल, तर अंतरिम टप्प्यावरही तिच्या मागे डोकावता येते. असा प्रसंग अपवादानेच यावा, हेही त्यात होते.

आता पुन्हा कढईकडे. कुंथलगिरीच्या खव्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच लाटेत बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच, जालन्याची दगडी ज्वारी आणि तुळजापूरची कवड्यांची माळ यांनाही मिळाले. मराठवाड्याच्या वाट्याला अशी कौतुके क्वचित येतात, त्यामुळे सत्कार झाले, फटाके वाजले. पण मानांकन म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. ट्रेडमार्क एकाचा असतो, मानांकन त्या मुलखातल्या सर्व उत्पादकांचे. मानांकनाचा कायदा दोन गोष्टी करतो. पंचविसावे कलम म्हणते की असे नाव लोकांची दिशाभूल होईल अशा रीतीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येणार नाही. सव्विसावे म्हणते की मानांकनाच्या अर्जापूर्वीच कोणी ते नाव सद्भावाने ट्रेडमार्क म्हणून वापरत किंवा नोंदवत असेल तर त्याचा हक्क जात नाही.

‘सद्भावाने’ या एका शब्दावर पुढचे सारे खटले उभे राहणार आहेत. पुण्यात किंवा हैदराबादेत कोणी वीस वर्षांपूर्वी ‘कुंथलगिरी पेढेवाले’ अशी पाटी लावली असेल आणि माल खरोखर भूम-वाशीच्या भट्टीवरूनच आणला असेल, तर त्याची नियत वाईट म्हणता येणार नाही. उलट या नावाला शहरात पोचवणारे तेच. पण तोच माणूस उद्या गुजरातेतून पावडरीचा खवा आणून तीच पाटी ठेवील आणि भूमच्या भट्टीवाल्याला ‘माझे नाव वापरू नको’ अशी नोटीस धाडील, तर चित्र उलटते. यात तिसरीही एक शक्यता आहे आणि ती जास्त जवळची. आपल्यातलाच एखादा पुढे होऊन ‘असली कुंथलगिरी’, ‘मूळ कुंथलगिरी’ अशी नावे स्वतःच्या नावे करायला बघेल आणि शेजारच्या भट्टीला विरोधाची नोटीस देईल. विरोधकाचीही बदनियत तपासावी असे कायदा म्हणतो ते अशांसाठीच.

कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये मानांकन मिळाले. त्याआधी देवगड आणि रत्नागिरी यांच्यात पेटीवर कोणाचे नाव यावरून वर्षानुवर्षे ओढाताण झाली. मानांकनानंतरही कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसून नवी मुंबईच्या वाशी मार्केटला जायचा थांबला नाही. देवगडच्या बागायतदारांनी शेवटी एकेका फळावर क्रमांकाचे स्टिकर लावायची वाट धरली. खव्याला स्टिकर लावता येत नाही. त्याचा पुरावा भट्टीच्या वहीतच ठेवावा लागतो.

आणि भट्टीवाल्यांचा कच्चा दुवा नेमका तिथे आहे. दूध घातले किती, खवा निघाला किती, कोणत्या पेठेला गेला, हा हिशेब पुष्कळदा पेन्सिलीने खिशातल्या डायरीत किंवा डोक्यात असतो. दर वर्षी दिवाळीला डायरी बदलते आणि जुनी बंबात जाते. पन्नास वर्षांचा धंदा असूनही पाच वर्षांचा कागद दाखवता येत नाही, आणि काल आलेला व्यापारी मात्र छापील बिलांची फाईल घेऊन बसतो. अशा ठिकाणी लबाडाला फार हुशार असावे लागत नाही.

म्हणून भूम, वाशी, परंड्याच्या भट्टीवाल्यांनी थोडी खटपट करावी. मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवायची फी २०२०पासून पाचशेवरून दहा रुपयांवर आली आहे. चहाच्या कपाएवढी, आणि नोंद झाली की ते नाव वापरायचा हक्क कागदावर येतो. अन्न परवान्याची पहिली प्रत, गाडीभाड्याच्या पावत्या, जुन्या डब्यांचे नमुने, हैदराबादच्या व्यापाऱ्याचे एखादे पत्र, जे असेल ते एका पिशवीत घालून कपाटात ठेवावे. तालुक्याच्या संघाने एखाद्या शिकलेल्या पोराला ट्रेडमार्क जर्नल चाळायचे काम नेमून द्यावे. खवा एकोणतिसाव्या वर्गात येतो, पेढा तिसाव्या. दोन्ही बघायला हवेत. जर्नल दर सोमवारी निघते, संगणकावर फुकट बघता येते, आणि विरोधाचे चार महिने छापून आल्या दिवसापासून मोजतात.